खानदेशातील लष्करी अंमल (इ. स. १८०२ ते १८५८) : एक अभ्यास

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने निवडून आलेले सरकार बाजूला सारून सत्ता हाती घेतली. वसतिगृहात वाचनाच्या तासाला ही बातमी वाचली गेली तेव्हा एका विद्यार्थ्याने आम्हास विचारले, "सर, तो तर बुद्धाला मानणारा देश. मग तिथे बंदुकीचे राज्य कसे?" त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. पुढे लक्षात आले की हा प्रश्न समजून घेण्यासाठी रंगूनपर्यंत जाण्याची गरज नाही. ज्या तापीच्या खोऱ्यात आपली शाळा उभी आहे, त्याच खोऱ्यात दोनशे वर्षांपूर्वी राज्ये बदलली, सीमा बदलल्या, एका लष्कराच्या जागी दुसरे लष्कर आले आणि गावोगावच्या माणसांना "आता आमची राखण कोण करणार?" हा प्रश्न पडला. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे हाच धडा मांडावा, असे आम्ही ठरविले.

१. भूमी आणि तिचे धनी

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याची रांग, मधून वाहणारी तापी आणि तिला मिळणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या नद्या, असा हा खानदेश. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणारी वाट बऱ्हाणपूर आणि अशीरगडाजवळून येते आणि माळव्यातून येणारी दुसरी वाट सेंधव्याच्या घाटाने शिरपूर-धुळ्याकडे उतरते. ज्याला दख्खन हवी त्याला खानदेश हवा, हे या भूमीचे भूगोलाने लिहिलेले प्राक्तन. फारुकी सुलतानांनी आरंभी थाळनेरास आणि नंतर बऱ्हाणपुरास राजधानी केली. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. अठराव्या शतकात मराठ्यांचा अंमल आला. शतकाच्या अखेरीस येथे पेशवे, शिंदे आणि होळकर या तिघांचे परगणे एकमेकांत मिसळलेले होते. एका गावाचा वसूल एका सरकारात, तर शेजारच्या गावाचा दुसऱ्या सरकारात जाई.

अशा मुलखात गावाची राखण मोठ्या फौजा करीत नसत. ती करीत दोन माणसे. एक जागल्या, जो खानदेशात बहुधा भिल्ल असे. रात्री पहारा देणे, चोराचा माग काढणे, घाटातून वाटसरूंना सुखरूप पोहोचविणे ही त्याची कामे. त्याबद्दल त्याला गावाकडून धान्याचा व पैशाचा हक्क मिळे. दुसरा महार. गावाची शीव त्याला ठाऊक. सरकारी वसूल कसब्यापर्यंत पोहोचविणे, निरोप नेणे, परक्या माणसावर नजर ठेवणे ही त्याची वतनी कामे. या दोघांनी गाव राखले, परंतु दोघांनाही गावाने गावकुसाबाहेर ठेवले. ज्यांच्या जागरणावर गाव झोपत होते त्यांना गावात घर नव्हते, ही गोष्ट पुढील सारा इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

२. १८०२ : पगारासाठी लुटणाऱ्या फौजा

एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांस पुण्यात हत्तीच्या पायी देऊन मारविले. त्यांचे बंधू यशवंतराव होळकर आणि दौलतराव शिंदे यांचे वैर आधीच पेटलेले होते. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा दक्षिणेकडे निघाल्या आणि खानदेश त्यांच्या वाटेत सापडला. गावे लुटली गेली, पिके कापली वा जाळली गेली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा पराभव झाला.

यशवंतरावांच्या शौर्याविषयी व पुढे इंग्रजांशी त्यांनी घेतलेल्या टकरीविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्या काळच्या कोणत्याही सरदाराच्या फौजेचा पगार नियमित खजिन्यातून भागत नसे. तो मुलखातून उभा करावा लागे. ज्या सैन्याचे पोट लुटीवर भरते ते सैन्य आपल्या आणि परक्या रयतेत भेद करीत नाही. होळकरांच्या फौजेने केले तेच शिंद्यांच्या फौजेने केले आणि पेंढाऱ्यांनी त्यावर कळस चढविला.

पेरणीला बी उरले नाही, नांगराला बैल उरले नाहीत आणि १८०३-०४ मध्ये भीषण दुष्काळ पडला. माणसे गुजरातेकडे निघून गेली. ओसाड गावांत झाडी माजली, वाघांचा उपद्रव वाढला. गावच उरले नाही तिथे जागल्याला हक्क कोण देणार? पहारा करणारे भिल्ल डोंगरात गेले आणि ज्या वाटा ते राखीत होते त्याच वाटा अडवू लागले. सरकारी कागदात ते "चोर" झाले. चोर होण्यापूर्वी ते राखणदार होते, ही नोंद मात्र फार थोड्यांनी ठेवली.

पेशव्यांच्या अंमलदारांनी यावर काढलेला उपाय असा की तहाच्या व अभयाच्या मिषाने भिल्लांना बोलवावे आणि जमल्यावर मारावे. कोपरगाव येथे अशा रीतीने जमलेल्या भिल्लांना विहिरींत लोटण्यात आले. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवून माणूस शस्त्र खाली ठेवतो त्यानेच घात केला, तर पुढच्या पिढीला कोणाचाच शब्द खरा वाटत नाही. नव्या सरकारला पुढे या अविश्वासाची किंमत मोजावी लागली.

३. परक्याच्या संरक्षणाची किंमत

हडपसरच्या पराभवानंतर बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. कंपनीची तैनाती फौज पेशव्याच्या राज्यात राहील, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावा आणि कंपनीच्या संमतीवाचून इतर सत्तांशी व्यवहार करू नये, असे त्याचे सार होते. स्वतःच्या सरदारांपासून संरक्षण मिळविण्यासाठी पेशव्याने स्वतःचे परराष्ट्रधोरण विकले. तैनाती फौज ठेवून घेणारा राजा सुरक्षित असतो, पण स्वतंत्र नसतो. शिवाय सुरक्षितही तोवरच, जोवर संरक्षकाला त्याचा उपयोग आहे.

१८०३ च्या युद्धात असई व अडगाव येथे शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. बऱ्हाणपूर आणि अशीरगडही इंग्रजांनी घेतले. अशीरगड तहानंतर परत मिळाला, परंतु खानदेशाच्या दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे हे सर्वांना कळून चुकले. आजही एखादा छोटा देश अंतर्गत भांडणात बलाढ्य शेजाऱ्याचे सैन्य बोलावतो, तळासाठी जागा देतो, शस्त्रांसाठी त्याच्यावर अवलंबून राहतो, तेव्हा आम्हाला वसईच्या तहाची कलमे आठवतात.

४. १८१८ : थाळनेर आणि मालेगाव

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे सर थॉमस हिस्लॉप याच्या सैन्याने होळकरांच्या फौजेचा पराभव केला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख कंपनीस दिला. एका सहीने खानदेशातील गावांचा धनी बदलला. हे गावांना कोणी विचारले नव्हते, कळविलेही नव्हते.

हिस्लॉप सेंधव्याच्या वाटेने खाली उतरला आणि २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यापुढे आला. तहाप्रमाणे किल्ला स्वाधीन व्हावयाचा होता, परंतु आतून गोळीबार झाला. तोफा डागल्यावर किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन शरण आला. आतील दरवाजापाशी काही इंग्रज अधिकारी व सैनिक शिरले. तेथे भाषेचा, अटींचा वा भीतीचा काहीतरी गोंधळ झाला आणि शिबंदीने त्यांच्यावर हल्ला चढविला. अधिकारी पडलेले पाहताच बाहेरील सैन्य आत घुसले आणि सुमारे तीनशे माणसांची शिबंदी कापून काढण्यात आली. त्याच दिवशी, शरण आलेल्या किल्लेदारास फाशी देण्यात आली. पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये हिस्लॉपचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा या कृत्याविषयी तेथेही प्रश्न उपस्थित झाले. तथापि लष्करी अंमलाचा हा स्वभावच आहे. प्रश्न नंतर उपस्थित होतात, फाशी आधी होते.

मे आणि जून १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्याला वेढा पडला. मालेगाव तेव्हा खानदेशात होते. आत अरब शिबंदी होती. पगारावर लढणारे हे सैनिक मूळ धन्याचेही ऐकेनासे झाले होते. पेशवाईच्या अखेरच्या काळात खानदेशातील अनेक गढ्या प्रत्यक्षात अशा भाडोत्री शिबंदीच्या ताब्यात होत्या. ज्याच्या पगाराची थकबाकी राहिली तोच गढीचा मालक, असा प्रकार होता. मालेगाव घेताना इंग्रजांची दोनशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. अमळनेरची गढीही अरबांकडून अशीच घ्यावी लागली. एप्रिल १८१९ मध्ये अशीरगड पडला आणि खानदेशावर कंपनीचा निर्विवाद अंमल सुरू झाला.

५. आमच्या वर्गातील एक अवघड प्रश्न

येथे आम्हास एक प्रसंग सांगणे अगत्याचे वाटते. दरवर्षी १ जानेवारी रोजी आमच्या शाळेत भीमा कोरेगावच्या स्तंभास अभिवादन होते. ज्यांना पेशवाईने माणूस मानले नाही त्या आमच्या पूर्वजांनी शस्त्र हाती घेऊन पराक्रम केला, त्याचे ते स्मरण आहे, आणि त्याचा आम्हास अभिमान आहे. एका वर्षी अभिवादनानंतर शिरपूर भागातील एका पावरा समाजाच्या विद्यार्थ्याने हळू आवाजात विचारले, "सर, कोरेगावला कंपनी जिंकली ते चांगले झाले. मग थाळनेरला आणि आमच्या डोंगरात कंपनीने जे केले तेही चांगलेच म्हणायचे का?"

वर्ग शांत झाला. कोरेगाव आणि थाळनेर यांत अवघे सत्तावन्न दिवसांचे अंतर आहे. युद्ध एक, कंपनी एक. थाळनेरवर चालून आलेले सैन्य मद्रास इलाख्याचे व गोऱ्या पलटणींचे होते, असे सांगून आम्ही सुटू शकलो असतो. तसे केले नाही. इतिहासाच्या शिक्षकाने तसे सुटू नये.

आम्ही जे सांगितले ते असे. कोरेगावच्या सैनिकांचा गौरव हा कंपनीच्या राज्याचा गौरव नव्हे. ज्यांच्या पाठीला झाडू आणि गळ्यात मडके होते त्यांनी संधी मिळताच सिद्ध केलेल्या माणूसपणाचा तो गौरव आहे. कंपनीला त्यांचे माणूसपण नको होते, त्यांचे शौर्य हवे होते. ज्या सरकारसाठी हे रक्त सांडले, त्याच सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद केली. सुभेदार रामजी आंबेडकर हे लष्करी शाळेतील शिक्षक होते. लष्कराने जी शिक्षणाची फट उघडली तीतून पहिला प्रकाश आला हे खरे, आणि सरकारला गरज उरली नाही तेव्हा ती फट त्याने बंद केली हेही तितकेच खरे. बंदी उठविण्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या आणि महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडले. म्हणून कोरेगावचा अभिमान बाळगणाऱ्याने थाळनेरचे दुःख समजून घेतले पाहिजे. जो आपल्या पूर्वजांचा सन्मान मागतो त्याने शेजाऱ्याच्या पूर्वजांची हत्या विसरता कामा नये. त्या विद्यार्थ्याने मान डोलाविली. पटले की नाही, आम्हास ठाऊक नाही. परंतु त्या वर्षापासून आमच्या वर्गात हे दोन्ही धडे एकत्र शिकविले जातात.

६. शांतता आणि न्याय

कंपनीने खानदेशासाठी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यास पोलिटिकल एजंट नेमले. त्याने धुळे हे मुख्य ठिकाण निवडले, पेठ वसविली, व्यापाऱ्यांना बोलाविले. आजचे धुळे शहर बऱ्याच अंशी त्या निर्णयातून वाढले. परंतु डोंगरात शांतता नव्हती. एक नाईक पकडला की दुसरा उभा राही. सैन्याच्या तुकड्या सातपुडा व सातमाळ्यात फिरत, हिवतापाने आजारी पडत आणि परतत. सात वर्षे केवळ दंडुक्याचे धोरण चालले आणि ते अपुरे ठरले.

१८२५ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत, धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या : कन्नड, कुकरमुंडा आणि धरणगाव. शरण येणाऱ्यांना माफी, शेतीसाठी जमीन व तगाई, नाईकांना तनखे, गावाकडील राखणीच्या हक्कांची नोंद आणि न ऐकणाऱ्यांचा पाठलाग, असे ते दुहेरी धोरण होते. धरणगाव येथे जेम्स औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभी केली. तिला भिल्ल कोअर म्हणत. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकार केली, सुरुवातीला मोजकीच माणसे मिळाली तरी धीर सोडला नाही. काही वर्षांत हीच पलटण सरकारी खजिन्याची व तुरुंगाची राखण करू लागली. काल ज्यास चोर म्हटले त्याच्याच हाती आज तिजोरीची किल्ली दिली गेली. यावरून एक गोष्ट सिद्ध होते : भिल्ल "जन्मतः गुन्हेगार" नव्हते. काम, वेतन व विश्वास मिळताच ते पुन्हा राखणदार झाले. पुढे याच सरकारने अनेक जमातींना कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले, तेव्हा ते स्वतःचाच धरणगावचा अनुभव विसरले.

तथापि या धोरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भिल्ल कोअर लवकरच भिल्लांविरुद्धच वापरली गेली. १८३० मधील डांगची मोहीम आणि १८३१ मधील तडवी भिल्लांवरील कारवाई ही त्याची उदाहरणे. डिसेंबर १८५२ मध्ये नव्या जमीन-मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल भागातील शेतकरी एकत्र जमले, तेव्हाही उत्तर म्हणून फौजच आली. मोजणी करणारा अंमलदार गावात येतो, शेताला साखळी लावतो, सारा ठरवितो. ज्याचे शेत त्याला विचारण्याची सोयच या राज्यव्यवस्थेत नव्हती. सोय नसली की जमाव होतो, जमाव झाला की त्याला बंड म्हणतात आणि बंड म्हटले की बंदूक येते.

१८५७ मध्ये हा साठलेला असंतोष उसळला. खाज्या नाईक हा सेंधवा घाटाच्या राखणीवर सरकारी चाकरीत राहिलेला माणूस. तो आणि भीमा नाईक यांनी भिल्लांना एकत्र केले आणि इंदुराहून मुंबईकडे जाणारा सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. पकडलेल्या अनेकांना लष्करी न्यायालयाच्या तडकाफडकी निकालाने तेथेच गोळ्या घालण्यात आल्या. शेकडो स्त्रिया कैद झाल्या. १८६० मध्ये खाज्या नाईक विश्वासघाताने मारला गेला. तेहतीस वर्षांपूर्वी ज्या धोरणाने शांतता आली असे सांगितले जात होते, ती शांतता होती, न्याय नव्हता. पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने डोंगरातील माणसाचे जंगलही "राखीव" झाले. ते जंगल राखणाऱ्याचाच त्यावर हक्क आहे, ही गोष्ट कायद्यात उतरण्यास २००६ साल उजाडावे लागले.

आपल्या महाराष्ट्रातील आणखी एक उदाहरण पालकांना स्मरत असेल. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. एका गिरणगावातील जनतेला काही आठवडे जे भोगावे लागले ते खानदेशाच्या डोंगराने पिढ्यान् पिढ्या भोगले.

७. बाबासाहेबांनी शोधलेले उत्तर

३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते आणि लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला होता. दरवर्षी त्या दिवशी खानदेशातील हजारो लोक तेथे जमतात. किल्ल्याच्या पायथ्याशी जमून एका वकिलाच्या मुक्कामाचे स्मरण करणारा हा मेळा आम्हास फार अर्थपूर्ण वाटतो. किल्ला हे तलवारीच्या सत्तेचे चिन्ह, तर न्यायालयात उभा राहणारा वकील हे कायद्याच्या सत्तेचे चिन्ह होय.

बाबासाहेबांनी संरक्षणाचा प्रश्न कधी भाबडेपणाने पाहिला नाही. १९४० मधील पाकिस्तानविषयक ग्रंथात त्यांनी सैन्याच्या रचनेची चिकित्सा केली आणि भौगोलिक सीमेपेक्षा सैन्याची निष्ठा अधिक मोलाची मानली. मालेगावची अरब शिबंदी ज्याने अभ्यासली आहे त्याला या मताचे मर्म सहज कळेल. गावकुसाबाहेरच्या राखणदाराचा प्रश्नही त्यांनी हाती घेतला. महार वतनातील वेठ नष्ट व्हावी म्हणून त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. राखण करणाऱ्याला गुलाम ठेवून गाव सुरक्षित राहत नाही, हा त्यामागचा विचार होता.

भारताच्या संविधानात या अनुभवाचे उत्तर आहे. अनुच्छेद ५३ प्रमाणे संरक्षण दलांचे सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होतो. सैन्याचा पगार संसदेने मंजूर केलेल्या पैशातून होतो. शिबंदी पोसण्यासाठी गाव लुटण्याची गरज कोणाला उरत नाही. आणीबाणीच्या अनुभवानंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने "अंतर्गत अशांतता" हे आणीबाणीचे कारण काढून त्या जागी "सशस्त्र उठाव" हे शब्द घातले आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. थाळनेरच्या किल्लेदाराला जे मिळाले नाही ते, म्हणजे फाशीपूर्वी सुनावणी, प्रत्येक नागरिकाला मिळावे यासाठी ही सारी कलमे आहेत.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की सनदशीर मार्ग उपलब्ध असताना हिंसक मार्ग सोडले पाहिजेत, कोणत्याही थोर पुरुषाच्या पायी स्वातंत्र्य वाहता कामा नये आणि सामाजिक समतेवाचून राजकीय लोकशाही टिकणार नाही. यातील तिसरा इशारा आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. ज्या समाजात राखणदार गावकुसाबाहेर असतो तेथे बंदुकीचे राज्य येण्यास वेळ लागत नाही.

८. पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. म्यानमार हा बुद्धास मानणारा देश आहे. डिसेंबर १९५४ मध्ये रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेस स्वतः बाबासाहेब गेले होते. मग तेथे असे का झाले?

फेब्रुवारी १९४७ मध्ये आंग सान यांनी पांगलाँग येथे डोंगरी जमातींच्या पुढाऱ्यांशी करार केला. त्याच वर्षी जुलैत त्यांची हत्या झाली. डोंगरातील लोकांना दिलेला शब्द पुढे पाळला गेला नाही, असे त्या लोकांचे म्हणणे राहिले आणि सशस्त्र संघर्ष सुरू झाला. मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. २००८ च्या संविधानाने संसदेतील पंचवीस टक्के जागा आणि गृह, संरक्षण व सीमा ही खाती लष्कराच्या हाती ठेवली. म्हणजे तेथे संविधान होते, पण बंदुकीवर संविधानाचा ताबा नव्हता. उलट संविधानावर बंदुकीचा ताबा होता. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीचा निकाल लष्कराला रुचला नाही आणि पुढचे सर्व घडले.

येथे आम्हा बौद्धांना एक कटू सत्य स्वीकारले पाहिजे. २००७ मध्ये तेथील हजारो भिक्षू लष्कराविरुद्ध रस्त्यावर उतरले, हा धम्माचा गौरव. परंतु काही भिक्षूंनी अल्पसंख्याकांविरुद्ध द्वेष पसरविला आणि २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या देशोधडीला लागले, तेव्हा चीवराचा उपयोग बंदुकीचे समर्थन करण्यासाठी झाला. धर्माचे नाव बुद्धाचे असले म्हणून राज्य आपोआप करुणेचे होत नाही.

भगवान बुद्धांनी याचे उत्तर वज्जींच्या संदर्भात दिले होते. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींवर स्वारी करू इच्छीत होता. त्याचा मंत्री वस्सकार बुद्धांकडे आला. वज्जी वारंवार सभा भरवितात, एकोप्याने जमतात व एकोप्याने उठतात, ठरलेले नियम पाळतात, वडीलधाऱ्यांचा मान ठेवतात, स्त्रियांवर जबरदस्ती करीत नाहीत, चैत्यांचा व अर्हतांचा आदर करतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, असा त्या उपदेशाचा आशय. सात गोष्टींत तट नाही, हत्ती नाही, तलवार नाही. आणि परंपरा असेही सांगते की वज्जी अखेर पडले ते त्यांच्यात फूट पाडली गेली तेव्हा.

खानदेशात आज महार, भिल्ल, पावरा, तडवी, लेवा, गुजर, मराठा, मुसलमान अशा सर्वांची मुले एका संविधानाखाली राहतात. आपल्या वसतिगृहात त्यांतील अनेक एका ताटवाढीला बसतात. ही मुले उद्या पोलीस, सैनिक, वनरक्षक, तहसीलदार होतील. त्यांच्या हाती काठी, बंदूक किंवा शिक्का येईल. त्या वेळी त्यांना थाळनेर, धरणगाव आणि अंबापाणी आठवावे. आपण पूर्वी गावकुसाबाहेर उभे राहून पहारा दिला होता, हे त्यांनी विसरू नये, एवढ्यासाठीच हा धडा लिहिला.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात पूर्वी जागल्या कोण होता? त्याचा हक्क काय होता? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
२. पगारी सैन्य आणि लुटीवर जगणारे सैन्य यांचा रयतेवर होणारा परिणाम सांगा.
३. वसईच्या तहाने पेशव्याला काय मिळाले आणि त्याने काय गमावले?
४. धरणगावच्या भिल्ल कोअरमुळे शांतता आली. न्याय आला का? दोन्ही बाजूंनी मत मांडा.
५. वज्जींच्या सात गुणांपैकी कोणता गुण आपल्या गावाला आज सर्वाधिक आवश्यक वाटतो? का?

पालकांनी सुट्टीत मुलांना थाळनेरचा किल्ला आणि लळिंगचा लांडोर बंगला ही दोन्ही ठिकाणे अवश्य दाखवावीत. दोन्ही पाहिल्याखेरीज हा धडा पुरा होत नाही.

जय भीम.